रक्तातील ‘ध’ चा ‘मा’

मराठी माणसाला एका अक्षराचे मोल मुद्दाम शिकवावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तरुण नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांकडे गेलेल्या लेखी आज्ञेत मुळात ‘धरावे’ असा शब्द होता. कोणीतरी ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ केला, अशी कथा तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. इतिहासकार त्या कागदाविषयी काहीही म्हणोत, ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कायमचा रुजला. एक अक्षर पालटले आणि पकडण्याच्या हुकुमाचा मृत्युदंड झाला.

या कथेने दोन शतके आपले मन धरून ठेवले ते केवळ अक्षराच्या सामर्थ्यामुळे नव्हे. अक्षरामागे एक हात होता, त्या हातामागे एक मन होते आणि त्या मनात एक हेतू होता, असे ती सांगते. म्हणूनच तिला आपण अपराधाची कथा मानतो.

प्रस्तुत लेखात ज्या अक्षरबदलाचा विचार करावयाचा आहे तो कागदावर होत नाही, रक्तात होतो. तेथेही एका अक्षरापायी एखाद्या बालकाचे सारे आयुष्य पालटते. तेथेही घरातील माणसे एकमेकांकडे पाहून विचारतात, ‘हे कोणाचे पाप?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर देहातील लिपी कशी वाचली जाते, हे प्रथम समजून घ्यावे लागेल. विषय शास्त्राचा आहे; परंतु वाचकहो, त्यात बिचकण्यासारखे काही नाही. लिपी आणि भाषा यांतील भेद आपल्या समाजाला चांगलाच परिचित आहे.

लिप्यंतर आणि भाषांतर

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि येथील भाषेच्या प्रेमात पडले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरे मात्र रोमन. लिपी पालटली तरी भाषा तीच राहिली. याला आपण लिप्यंतर म्हणतो. आजोबांच्या काळातील जमिनीचा मोडी कागद जाणकाराकडून बालबोधीत उतरवून घेतला, तर तेही लिप्यंतरच. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट करून दिल्यावर मिस्साविधी लॅटिनमधून मराठीत आला, ते भाषांतर होते. लिप्यंतरात अक्षराला अक्षर लावले की पुष्कळसे काम होते. भाषांतराला दोन्ही भाषा जाणणारा कोणी मध्यस्थ लागतो.

आपल्या पेशींत अहोरात्र जे चालते त्यासाठी शास्त्रज्ञांनी नेमके हेच दोन शब्द निवडले आहेत. पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा मूळ ग्रंथ असतो. त्याची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. आईवडिलांकडून आपल्याला या ग्रंथाची एकेक प्रत मिळते आणि प्रत्येक प्रतीत सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. मूळ ग्रंथ केंद्रकाबाहेर नेला जात नाही. एखाद्या प्रथिनाची गरज पडली की त्या प्रथिनासंबंधीच्या उताऱ्याची, म्हणजे जनुकाची, एक नक्कल आरएनए या भावंडलिपीत उतरवली जाते. या लिपीत ‘टी’च्या जागी ‘यू’ येतो, एवढाच फरक. हे झाले लिप्यंतर. या नकलेत अर्थहीन वाटणारे काही मधले भाग असतात. ते अचूक कापून उरलेले भाग सांधले जातात आणि मग ती नक्कल केंद्रकाबाहेर पडते.

बाहेर तिची गाठ रायबोसोम या सूक्ष्म यंत्राशी पडते. येथे भाषांतर होते. अक्षरांची भाषा संपते आणि अमिनो आम्लांची भाषा सुरू होते. रायबोसोम नक्कल तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचतो. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द चौसष्ट होतात. त्यांपैकी ६१ शब्द वीस अमिनो आम्लांपैकी कोणते ना कोणते सुचवतात आणि उरलेले तीन पूर्णविरामाचे काम करतात. ‘एयूजी’ हा शब्द बहुधा वाक्याचा प्रारंभ दाखवतो.

दोन्ही भाषा जाणणारा मध्यस्थ मात्र रायबोसोम नव्हे. ते काम वाहक आरएनएचे लहान रेणू करतात. प्रत्येकाच्या एका टोकाला तीन अक्षरे असतात, ती नकलेतील शब्दाशी जुळतात. दुसऱ्या टोकाला त्या शब्दाचे अमिनो आम्ल लटकलेले असते. योग्य वाहकाला योग्य अमिनो आम्ल जोडून देणारी विकरे वेगळी, जवळजवळ प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक. पेशीचे खरे दुभाषी हेच. शब्द आणि अमिनो आम्ल यांच्या रूपात काहीही साम्य नसते. या दुभाष्यांच्या चोख कामामुळेच एकाचा अर्थ दुसऱ्यात उतरतो. रायबोसोम आलेली अमिनो आम्ले क्रमाने जोडत जातो आणि त्याच्या बोगद्यातून एक साखळी बाहेर पडू लागते. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये ज्यांनी नोकरी केली त्यांना सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडणारा धागा ठाऊक आहे. तेथील धागा आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा असतो. प्रथिनाच्या धाग्यात मात्र प्रत्येक मणी कोणता असावा हे आधीच लिहिलेले असते, आणि त्या क्रमानुसारच तो धागा दुमडून आपला आकार घेतो.

या कोशातील पहिला शब्द १९६१ साली अमेरिकेत मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी उलगडला. ‘यूयूयू’ म्हणजे फिनाइलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल. पुढील पाचएक वर्षांत सारा कोश तयार झाला. त्यात हरगोविंद खुराना यांचा वाटा मोठा होता आणि त्यासाठी १९६८ साली नीरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खुरानांचे जन्मगाव रायपूर हे पंजाबातील एक खेडे. फाळणीत ते सीमेपलीकडे गेले. हाच कोश किरकोळ फरक सोडता जिवाणूपासून माणसापर्यंत सर्वत्र चालतो. म्हणून तर माणसाच्या इन्सुलिनचा उतारा जिवाणूच्या हाती दिला, तर तोही माणसाचेच इन्सुलिन तयार करतो. एवढी विविध सृष्टी एकच भाषा बोलते, हे पाहून श्रद्धावंताचे मन नम्र व्हावे हे स्वाभाविक आहे. तथापि या आश्चर्याचा घाईघाईने परमेश्वराच्या अस्तित्वाचा दाखला करण्याचा मोह मला टाळावासा वाटतो. ज्या प्रश्नाशी आपल्याला झगडावयाचे आहे तो याच भाषांतराच्या दुसऱ्या बाजूस उभा आहे.

अक्षर चुकते तेव्हा

रक्ताला लाली देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे असते: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले. तिच्या सहाव्या स्थानासाठी जनुकात ‘जीएजी’ हा शब्द असतो. काही माणसांत तेथे मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि शब्द ‘जीटीजी’ होतो. दुभाषी आपले काम चोख करतो. जे लिहिले आहे त्याचेच भाषांतर करतो. परिणामी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन जोडले जाते. दोन्ही पालकांकडून असाच उतारा मिळालेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. हाच सिकलसेल आजार. नंदुरबार आणि गडचिरोलीतील आदिवासी बांधवांना, तसेच विदर्भातील अनेक कुटुंबांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

आपल्या परिसराला जवळचा आहे तो याचाच चुलत आजार, थॅलेसेमिया. त्यात बीटा साखळी अपुरी तयार होते किंवा मुळीच होत नाही. असे होण्यास अनेक प्रकारचे लेखनदोष कारण होतात. कोठे पंधराव्या शब्दात ‘टीजीजी’चे ‘टीएजी’ होते. तो पूर्णविराम असल्याने वाक्य सुरू होताच संपते. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष तर अर्थवाही शब्दांतही नसतो. पहिल्या कापावयाच्या भागातील पाचवे अक्षर पालटलेले असते, त्यामुळे कोठे कापावे आणि कोठे सांधावे याची खूणच पुसट होते. आणि सिंध प्रांतातून आलेल्या कुटुंबांत विशेषकरून आढळणाऱ्या एका प्रकारात ६१९ अक्षरांचा सलग तुकडाच गळालेला असतो.

शहाड हे उल्हासनगरच्या उंबरठ्यावरचे स्थानक. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित आले, त्या ‘कल्याण कॅम्प’ला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. घरे, शेते, दुकाने मागे टाकून आलेल्या त्या माणसांना सामानात फारसे काही आणता आले नाही. रक्तातील लिपी मात्र कोणालाही मागे टाकता येत नाही. तिच्यात पूर्वजांच्या डोळ्यांचा रंग होता, आवाजाची ठेवण होती आणि काहींच्या बाबतीत ती गळालेली ६१९ अक्षरेही होती. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत या आजाराच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते हे खरे. परंतु यावरून कोणी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. आपल्या देशात सर्वसाधारणपणे शंभरात तीन-चार माणसे वाहक आहेत आणि कोणताही समाज, आपलाही, यातून सुटलेला नाही.

वाहक म्हणजे ज्याच्याकडे एक उतारा निर्दोष आणि एक सदोष आहे असा मनुष्य. तो आजारी नसतो. फार तर थोडा फिकट दिसतो. आपण वाहक आहोत हे बहुतेकांना ठाऊकही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही उतारे सदोष मिळतील. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तिघे सुटली’ असा हिशेब काही घरांत मांडला जातो, तो खोटा आहे. फासा दर वेळी नव्याने पडतो. जन्मतः बाळ गुटगुटीत असते, कारण गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन त्याला काही महिने तारून नेते. स्नानसंस्काराच्या फोटोत हसणारे बाळ सहा महिने ते दोन वर्षे या काळात पांढरे पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणे आले, आणि त्या रक्ताबरोबर देहात साचणारे लोह बाहेर काढण्यासाठी औषधे आली. हे आयुष्यभराचे.

दोष कोणाचा?

अशा वेळी घरात कोणती भाषा बोलली जाते हे धर्मगुरूंना ठाऊक असते. ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते.’ हे वाक्य बहुतेकदा सुनेच्या कानांवर पडावे अशा बेताने उच्चारलेले असते. कोणी नजर लागल्याचे सांगतो, कोणी पूर्वजांच्या शापाचा शोध घेतो. आणि आई? ती रात्री स्वतःलाच विचारते, ‘माझे काय चुकले?’

हा प्रश्न नवा नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिष्यांना कारण हवे होते, आणि कारणाच्या आडून आरोपी हवा होता. येशू त्यांची नजर मागून पुढे वळवतो: या मनुष्याच्या जीवनात परमेश्वराचे कार्य प्रकट व्हावयाचे आहे. आणि तेवढे बोलून तो थांबत नाही. माती कालवून त्या अंधाच्या डोळ्यांना लावतो.

आजच्या शास्त्राने त्या उत्तराला जणू तळटीप जोडली आहे. दोन्ही उतारे सदोष असल्याखेरीज हा आजार होत नाही. म्हणजे एक बापाकडचा आणि एक आईकडचा, अगदी सारख्या वाट्याने. ‘आमच्या घराण्यात नव्हते’ म्हणणाऱ्या घराण्यातूनही तो उतारा पिढ्यान् पिढ्या निमूटपणे चालत आलेला असतो. अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते. येथे तो अर्थ शब्दशः खरा ठरतो.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आहे. हा दोष इतक्या लोकांत टिकला तरी कसा? जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास असा तर्क मांडला, की हा उतारा एकेरी बाळगणाऱ्याला हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक होऊन भारताचे नागरिक झाले. त्यांचा तर्क पुढील संशोधनाने पुष्कळसा खरा ठरला आणि सिकलसेलच्या बाबतीत तर ते संरक्षण स्पष्टपणे सिद्ध झाले. ज्या अक्षराने एखाद्या पणजोबांना हिवतापाच्या साथीतून वाचवले असेल, तेच अक्षर आज पणतवाला दुप्पट होऊन छळते. त्या पणजोबांना आपण दोषी म्हणावे, की त्यांच्यामुळे आपण जन्मलो म्हणून आभार मानावे?

शनिवारवाड्याच्या कथेशी ताडून पाहावे. तेथे अक्षर बदलणारा हात होता. रक्तात ‘ध’ चा ‘मा’ होतो तेव्हा त्यामागे हात नसतो, मन नसते, हेतू नसतो. नैतिक दोषासाठी जाणीव आणि इच्छा या दोन्ही लागतात, हे आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकलो. नकलेतील चूक ही चूक खरी, पण ते पाप नव्हे. म्हणून ज्या घरात असे मूल आहे तेथे पहिले धर्मकार्य हे, की ‘कोणाचे पाप’ हा प्रश्न त्या घरातून हद्दपार करावा. कुटुंब प्रार्थनेला बसण्याआधी सासूने सुनेकडे आणि सुनेने स्वतःकडे निर्दोष डोळ्यांनी पाहावयास शिकावे.

जाणीव आली की जबाबदारी आली

परंतु येथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. अक्षर न कळता चालत आले तोवर कोणी दोषी नव्हते. आता ते वाचता येते. रक्ताच्या एका साध्या तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू या घटकाचे प्रमाण पाहिले जाते. ते साडेतीन-चार टक्क्यांहून अधिक निघाले, तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते. ज्ञान हाताशी असता ‘परमेश्वर पाहून घेईल’ म्हणून पाठ फिरवणे याला श्रद्धा म्हणता येणार नाही. परमेश्वराने दिलेली बुद्धी न वापरता त्याच्यावर भार टाकणे म्हणजे त्याची परीक्षा पाहणे होय.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३० साली विवाहविषयक परिपत्रात म्हटले, की सदोष संतती संभवते म्हणून कोणाला विवाहापासून परावृत्त करण्याचा सल्ला देता येईल, परंतु विवाहास पात्र असलेल्या व्यक्तीला त्यासाठी अपराधी ठरवता येणार नाही. पोप बारावे पायस यांनी १९५८ च्या सप्टेंबरात, निधनाला जेमतेम महिना उरला असता, रक्तविज्ञानाच्या तज्ज्ञांपुढे आनुवंशिक रक्तदोषांच्या प्रश्नाचा ऊहापोह केला. सल्ला द्यावा, सक्ती करू नये, ही त्या परंपरेची दिशा आहे. माणसाचा विवाहाचा हक्क त्याच्या जनुकांच्या गुणपत्रिकेवर अवलंबून नाही.

सायप्रस बेटावरील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने १९८३ पासून विवाहापूर्वी थॅलेसेमियाची तपासणी केल्याचे प्रमाणपत्र मागावयास सुरुवात केली. निकाल काय लागला यावर विवाह अवलंबून नव्हता. वधूवरांना तो ठाऊक असावा, एवढाच आग्रह. तेथे या आजाराची बालके जन्माला येणे जवळजवळ थांबले. हे वाचून आपण आनंदित व्हावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण ते थांबले कसे? दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांनी विवाह केलाच, आणि पुढे गर्भाची तपासणी करून सदोष गर्भ नाकारण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अनुसरला गेला. ज्ञान एका दाराने आत आले आणि दुसऱ्या दाराने एक कठीण प्रश्न आत घेऊन आले.

गर्भातील अक्षरे वाचण्याविषयी महाराष्ट्राने तरी भोळे राहू नये. गर्भजलतपासणी आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी आली आणि मुलगी आहे का, हे पाहून तिला नाहीशी करण्यासाठी वापरली गेली. म्हणून देशात सर्वप्रथम आपल्या राज्याने १९८८ साली तिच्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. १९८७ साली विश्वासविषयक परिषदेने व्हॅटिकनमधून दिलेल्या सूचनेत भेद स्पष्ट केला आहे: गर्भाची तपासणी त्याचे रक्षण वा उपचार यांसाठी असेल तर ती योग्य, आजार आढळताच त्याला संपवावयाचे असे आधीच ठरवून केली असेल तर अयोग्य. माझ्या मते या भेदाच्या मुळाशी भाषांतराचेच एक सत्य आहे. एखाद्या शब्दात दोष आढळला म्हणून आपण शब्द दुरुस्त करतो, ग्रंथ जाळत नाही. आणि मनुष्य तर आपल्या ग्रंथाहूनही अधिक आहे. एकाच फलित बीजापासून झालेली जुळी भावंडे जवळजवळ एकच ग्रंथ घेऊन जन्मतात, तरी ती दोन माणसे असतात, दोन नावांनी हाक मारण्याजोगी. तीनशे कोटींपैकी एक अक्षर हा त्या माणसाचा निकाल होऊ शकत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. ‘फादर, वेदीवरून हे सांगणे सोपे आहे. महिन्यातून दोनदा मुलाला घेऊन रुग्णालयात कोण बसणार? रक्ताची बाटली मिळाली नाही तर कोण धावणार? लोह काढणाऱ्या औषधांचे पैसे कोण देणार?’ हा आक्षेप अश्रद्धेतून आलेला नाही, थकव्यातून आलेला आहे. त्याला वचनांनी उत्तर देता येत नाही. जी ख्रिस्तसभा मातेला सांगते की हे मूल नाकारू नकोस, तिने त्या मातेशेजारी बाकावर बसावयास हवे. अन्यथा आपण दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे ठेवून स्वतः बोटही न लावणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसतो, आणि त्यांच्याविषयी प्रभू काय म्हणाला हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

दुसऱ्याच्या देहाने केलेले भाषांतर

मग करावे काय? तपासणी विवाहाची तारीख ठरल्यावर नको. साखरपुडा झाला, हॉल घेतला, पत्रिका छापल्या. त्यानंतर आलेला अहवाल माणसाला कोंडीत पकडतो. ती कॉलेजच्या वयात व्हावी, मन कोठे गुंतण्यापूर्वी, आणि तिचा निकाल त्या मुलाचा किंवा मुलीचा खाजगी राहावा. स्थळ पाहताना पत्रिकेच्या जागी रक्ताचा अहवाल पसरून बसणे ही नवी अंधश्रद्धा होईल. एक वाहक आणि एक वाहक नसलेला यांच्या संसाराला या आजाराची भीती नाही, एवढी साधी गोष्ट प्रत्येक विवाहपूर्व शिबिरात सांगितली गेली तर कित्येक मने हलकी होतील. दोघेही वाहक असतील तर त्यांनी विचारपूर्वक निर्णय घ्यावा. काही जण वेगळे होतील, काही विवाह करून मूल दत्तक घेतील, काही सारे जाणून अपत्याला सामोरे जातील. त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीच्या जागी आपण बसू नये. त्यांना एकटे मात्र सोडू नये.

शास्त्रही पुढे चालले आहे. जुळणारे भावंड मिळाल्यास अस्थिमज्जारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोहोंसाठी जनुकात फेरफार करणाऱ्या उपचाराला प्रथमच मान्यता दिली. त्यात चुकलेले अक्षर सुधारले जात नाही. जन्मानंतर मिटलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे पान पुन्हा उघडले जाते. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे बावीस लाख डॉलर लावली गेली. आजारी माणसाच्या स्वतःच्या पेशींवर असा उपचार करण्यात ख्रिस्ती नीतीला खटकण्यासारखे काही नाही. तो उपचारच आहे. खटकावयास हवी ती किंमत. आपल्या देशाने २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वात स्थान दिले, हे न्यायाच्या दिशेने टाकलेले एक पाऊल होय. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना त्या कायद्यानुसारचे प्रमाणपत्र मिळवून देण्यास धर्मग्रामातील एखादा सुशिक्षित तरुण सोबत गेला, तरी ती मोठी सेवा ठरेल.

आणि जे आज, या आठवड्यात, आपल्यापैकी कित्येकांना करता येईल ते रक्तदान. अठरा ते पासष्ट वयाच्या निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. आपण सणाला, शताब्दीला रक्तदान शिबिरे भरवतो. एका दिवसात शंभर बाटल्या जमतात आणि मे महिन्यात, गावोगाव गेलेल्या सुटीच्या दिवसांत, रक्तपेढीला चणचण भासते. थॅलेसेमियाच्या मुलाला सुटी नसते. एका मुलासाठी दहा-बारा दात्यांनी वर्षभराच्या तारखा वाटून घेतल्या, तर त्या घराला पुढचा महिना कसा जाईल ही धास्ती राहणार नाही.

या दानाचा खरा अर्थ आता आपल्याला उमगावा. त्या बालकाचे रायबोसोम निरोगी आहेत, दुभाषी तत्पर आहेत. केवळ त्यांच्या हाती आलेला उतारा अपुरा आहे. म्हणून जे भाषांतर त्याच्या देहात होऊ शकत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी देहाने करून दिलेले असते. एकेका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. दात्याच्या मज्जेत अक्षर-अक्षर वाचून ते बांधले गेले आणि आता एका अनोळखी मुलाच्या फिकट ओठांवर रंग आणत आहेत. देणारा शहाडचा ख्रिस्ती असेल, घेणारा कॅम्पातला सिंधी असेल, किंवा याच्या उलट. रक्तगट जुळला म्हणजे पुरे.

शब्दाने देह धारण केला यावर आपली श्रद्धा उभी आहे. प्रत्येक पेशीत लिहिलेला शब्द देहरूप होताना शास्त्राने आपल्याला दाखवला. त्याने हेही दाखवले, की तो शब्द काही देहांत अडखळतो, आणि अशा अडखळलेल्या देहाला कोणाचाही अपराध चिकटलेला नसतो. तथापि त्या देहाला आपली गरज असते. शिष्यांनी विचारलेला ‘पाप कोणाचे?’ हा प्रश्न प्रभूने तेथल्या तेथे मिटवला आणि लगेच हाताला माती लावून घेतली. आपल्या हातांसाठीही काम ठरलेले आहे. पुढील शिबिराची तारीख सूचनाफलकावर लागेल. ज्याला शक्य आहे त्याने तेथे आपले नाव लिहावे.